कळक

ताक पितळेत ठेवायचं नाही, कळकतं,
एवढं रसायनशास्त्र आईला येत होतं.
बाबांना जरा जास्त:
उद्यमबागेत अकरा वर्षं क्रोमच्या टाकीपाशी उभे,
नळाच्या तोट्या, मोटारसायकलींचे हँडल,
कुणाच्या तरी देवघराची घंटा,
बुडवली की आरसा.
टाकी बदलायची ती रात्री.
जुनं पाणी कुठं जातं, आम्ही विचारलं नाही.
त्यांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडलं होतं,
त्यातून ते काडी आरपार घालून दाखवायचे,
आम्ही भावंडं लोळून हसायचो.
रविवारी सुट्टी. मग नदीवर गळ.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस.
महिन्याच्या पहिल्या मंगळवारी
नाला मार्कंडेयला मिळतो त्याच्या खाली, बाभळीपाशी,
भरमाण्णा अंबिगेर बुट्टीतनं झिंगे काढून देतो.
त्याच्या कानडीत झिंगा म्हणजे सिगडी;
पहिल्या दिवशी मी शेगडी ऐकलं
आणि काय पेटवायचंय म्हणून विचारलं.
मी मोजते, चिठ्ठी लावते, बर्फात ठेवते.
“बारीक झाल्यात बघा ह्या साली,” तो म्हणतो,
“आन् पळीनात री. हात घातला तरी तिथंच.
पयला कसं उडायचं, चणं फुटल्यागत.”

झिंग्याचं रक्त निळसर असतं.
आपल्यात लोखंड तसं त्याच्यात तांबं, जन्माचं,
त्यामुळे दारात धातू आला
तर त्याला पाहुणाच वाटतो.
कॅडमियम जस्ताचं नाव सांगून आत शिरतं.
शिसं म्हणतं, मी चुना, कवचाला चुना लागतो ना.
कल्ले काळे पडतात.
पोटाखालची अंडी मोजायला
पूर्वी मला सबंध दुपार पुरायची नाही,
आता चहा गार व्हायच्या आत होतात.
आणि मरळ, जी पिल्लांच्या घोळक्यावर
डोळा ठेवून फिरते, ती हेच झिंगे खाते;
परवा एक मिळाली, कणा विळ्यासारखा,
पिल्लं होती तिच्या भोवती, ती गोल गोल फिरत होती,
राखण करत होती की वाट चुकली होती
ते वरून कळत नव्हतं.

एका गोष्टीला अहवालात रकाना नाही.
काचेच्या टाकीतल्या एका झिंग्यानं
रात्री कवच उतरवलं.
अखंड, मिशांसकट.
शेजारी दुसराच झिंगा बसलाय असं वाटावं,
आतून रिकामा.
थोडं शिसं त्या कवचाबरोबर गेलं असणार,
एवढीच सुटका त्याच्या हाती होती.
सकाळी मी दिवा लावला तेव्हा
मऊ, उघडा, भुकेला तो
तेच कवच कुरतडत होता.

रविवारचे झिंगे आई लाल तिखटात परतायची.
बाबा शेपट्या आम्हाला द्यायचे,
डोकी स्वतः चोखायचे,
म्हणायचे, सगळा जीव डोक्यात असतो.
बरोबर होतं. जे काही साठतं ते तिथंच साठतं.

“काय म्हणतंय मशीन तुमचं?”
ह्या मंगळवारी भरमाण्णानं विचारलं.
आकडे पिशवीत होते.
अमुक इतके मायक्रोग्रॅम, हे कानडीत कसं सांगतात
मला माहीत नाही,
मराठीत तरी कुठं माहीत आहे.
म्हटलं, नदी कळकलीय, अण्णा.
त्याला ते लगेच पोचलं.
ओंजळीत पाणी घेऊन त्यानं वास घेतला,
सोडून दिलं, हात लुंगीला पुसला.
मग पळसाच्या पानात मूठभर झिंगे बांधून
माझ्या सायकलच्या बुट्टीत ठेवले:
“लांबनं येताय. रिकाम्या हातानं जाऊ नका.”

जाळं त्यानं पुन्हा पाण्यात टाकलं. संध्याकाळी
शनिवार खुटावर त्याची बायको बसते.

घरी आईनं तवा ठेवला होता.
मी म्हटलं, आज मिळाले नाहीत,
आणि पुडी परसात कढीपत्त्याच्या बुडाशी पुरली.

काल आमटीला फोडणी देताना
हात पानांपर्यंत गेला
आणि तिथंच राहिला.
मोहरी तडतडून तडतडून काळी झाली.